काही काम नाही, सांगाले आलो

“काही काम नाही मॅडम, सांगाले आलो.”

काउंटरच्या जाळीपलीकडून हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मला वाटलं की हा माणूस चुकून आमच्या ऑफिसात शिरला. मी शेलूबाजारला वीज ऑफिसात लिपिक आहे. आमच्याकडे काम नसताना कुणी येत नाही. ज्याची लाईट गेली तो येतो, ज्याचं बिल जास्त आलं तो येतो, आणि ज्याचं दोन्ही झालं तो सोबत गल्ली घेऊन येतो.

“काय सांगायचंय?” मी विचारलं.

“आमच्याकडची डीपी जळाली होती. काल सांजच्याले लाईट आली.”

“मग?”

“मंग काही नाही. आली.”

मागची रांग कुरकुरली. “काका, सरका ना! टाइमपास कायले करून राह्यले?” कुणीतरी ओरडलं. काका सरकले नाहीत. त्यांनीही उन्हात रांग लावली होती. त्यांची नजर आत बसलेल्या आमच्या वायरमनवर होती.

वायरमन उठून आला. “काका, टोमणा मारून राह्यले काय? उशीर झाला, मान्य आहे. पण सामानच नोहतं आलं.”

“नाई रे बाप्पा, टोमणा कायले मारू? तू खांबावर चढला, मी खालून पाहत होतो. लाईट आली, पंखा फिरला, तुह्यी काकू रात्री निवांत झोपली. हे तुले कोण सांगन? म्हणून सांगाले आलो.”

एवढं बोलून ते निघून गेले. वायरमन पक्कड उचलून कामाला निघाला. त्या दिवशी त्यानं एकही तक्रार उद्यावर ढकलली नाही. एवढं तुम्हीही कधी करून पाहा, सरकारी काय आणि खासगी काय, सगळ्या ऑफिसांत चालतं.

काकांचं नाव मी सांगत नाही. तसंही गावात त्यांना नावानं कुणी ओळखत नव्हतं. पाठीवर घेऊन फवारायचे पंप दुरुस्त करायचं त्यांचं दुकान, म्हणून ते पंपवाले काका. रोडच्या कडेला टिनाचं शेड, आत तारेवर निळे-पिवळे पंप वटवाघळांसारखे उलटे टांगलेले. खाली पोत्यावर काका बसलेले. चष्म्याची एक दांडी दोऱ्याची. शेडच्या मागेच घर, घरात काकू. काकूंचा आवाज दुकानात पोचायचा आणि काकांचा आवाज रस्त्याच्या पार.

आता थोडं माझंही सांगते. मी बी.कॉम. आहे. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट मी कुणी न विचारताही सांगते. माझ्या बाबांचं निम्मं आयुष्य दुसऱ्याच्या वावरात गेलं. आपल्याच मजुरीसाठी त्यांना लोकांच्या ओसरीखाली उभं राहावं लागे. मी कारंज्याला कॉलेजात निघाले त्या दिवशी त्यांनी एकच गोष्ट सांगितली, “शिक, अन् कोणापुढे हात जोडू नको.” मी दोन्ही पाळलं.

म्हणून काकांचं हे सांगत फिरणं मला सुरुवातीला पटत नव्हतं. पुढच्या वेळी ते आले तेव्हा मी तोंडावर बोलले, “काका, लाईट देणं आमचं काम आहे. उपकार नाहीत. तुम्ही बिल भरता.”

“बिल तं ऑफिसले भरलं मॅडम. खांबावर तं हा चढला ना!”

यावर बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात काही नव्हतं.

पण काका मिंधे होते असं कुणी समजू नका. एकदा त्यांना भलतंच बिल गेलं. त्या दिवशी ते काउंटरवर आले ते दोन्ही हात कमरेवर ठेवून. “माह्या दुकानात एक पंखा अन् एक बल्ब, आणि बिल असं की जसं काही मी सिनेमाचं थेटर चालवून राह्यलो!” सगळं ऑफिस हलवलं त्यांनी. साहेबांना खुर्चीतून उठवून मीटर पाहायला नेलं. बिल दुरुस्त झालं. दुसऱ्या दिवशी काका परत हजर. मी म्हटलं, आता काय राहिलं?

“काही काम नाही. बिल बराबर झालं, सांगाले आलो.”

मी हसले आणि विचारलं, “काल भांडलात, आज गोड. तुमचं खरं कोणतं?”

“दोनी खरे. हात जोडून मागनं निराळं असते माय, अन् जोडून सांगनं निराळं. मागाले मी कधी कोणाच्या दारात नाही गेलो.”

त्या दिवसापासून मी मॅडमची ‘माय’ झाले. आमच्याकडे लेकीलाही माय म्हणतात.

गावात त्यांचे किस्से पुष्कळ. ताप उतरल्यावर ते डॉक्टरकडे जायचे, तेही नंबर लावून. डॉक्टर विचारायचे, “काय होतंय?”

“काहीच नाही होत.”

“मग आलात कशाला?”

“तेच सांगाले. तुमची गोळी लागू पडली.”

डॉक्टरनं पहिल्या वेळी सवयीनं छातीला नळी लावली म्हणतात. नंतर तेही शहाणे झाले. काका आठवड्यात परत आले नाहीत तर कंपाउंडरला विचारायचे, “पंपवाले बरे आहेत ना? सांगायला नाही आले अजून.”

शेजारणीनं दिलेल्या लिंबाच्या रोपाला पहिलं लिंबू लागलं, ते काकांनी तिच्याच हातावर नेऊन ठेवलं. “तुमचं लिंबू आलं.” घरातही तेच. जेवून उठताना रोज न चुकता काकूंना सांगायचे की वरण चांगलं झालं होतं. काकू माझ्याजवळ तक्रार करत, “काय फायदा व असं सांगून? मीठ टाकाचं राह्यलं त्या दिवशी बी चांगलंच म्हणले. मले मंग समजन कसं?”

एकदा काकांनी आतून उत्तर दिलं, “मिठाचं तू पाह्य. चूल तं पेटवली होती ना?”

मी पुष्कळ लोक पाहिले, दिवसभर तेच पाहते. पण काकांसारखा खूश माणूस मी आमच्या भागात दुसरा पाहिला नाही. गुडघा दुखायचा, दुकान पावसाळ्याचे तीन-चार महिने चालायचं, एकुलती एक लेक दूर नागपूरला. तरी माणूस आपला खूश. मला वाटतं त्याचं कारण साधं होतं. रात्री अंथरुणावर पडलं की आपल्याला कोण काय टोचून बोललं ते आठवतं. काकांना उद्या कुणाकडे सांगायला जायचं ते आठवायचं.

एका श्रावणात मी बाबांचा पंप घेऊन दुकानात गेले. बाबांनी आता स्वतःचं थोडं वावर घेतलं आहे, तिथल्या सोयाबीनसाठी. काकांनी पंप उघडला, फुंकला, वायसर बदलला. मी सहज विचारलं, “काका, हे सांगत फिरायचं तुम्हाला कुठून सुचलं?”

“या धंद्यातून. पंप गळला की मानूस येते. दट्ट्या अडकला की येते. शिव्या देत येते. पन पंप मस्त चालून राह्यला म्हणून सांगाले आजवर एक मानूस नाही आला. मले वाटे, पंप चालते का नाही? मेला का जित्ता आहे? काही पत्ताच नाही लागत. मंग म्हटलं, आपल्याले जसं लागते तसं दुसऱ्याले बी लागत असंन. आपन तरी जाव.”

आठ-दहा दिवसांनी ऑफिसातून घरी जाताना मी त्यांच्या शेडसमोर स्कूटी थांबवली. काकांचा चेहरा एकदम पडला.

“काहून माय? गळून राह्यला काय?”

“नाही. पंप मस्त चालतोय. बाबांनी सगळं वावर फवारलं. काही काम नाही, सांगायला आले.”

काका हातातलं नोझल उगाच पुसत राहिले. जो माणूस सगळ्या गावाला हे वाक्य वाटत फिरायचा, त्याला ते घ्यायचं कसं हेच माहीत नव्हतं. मग एकदम आत तोंड करून ओरडले, “आवं, बाहीर ये! हे पोरगी काय म्हणून राह्यली पाह्य!”

काकू पिठाच्या हातानं बाहेर आल्या. “काय झालं?”

“पंप चालून राह्यला म्हणते!”

“मंग? चालासाठीच तं दुरुस्त केला,” म्हणून काकू आत गेल्या. पण चहा आला, आणि सोबत शेवही आली.

तो चहा पिताना काकांनी मला ती गोष्ट सांगितली. एक सांगणं राहून गेलं होतं. बरीच वर्षं.

त्यांच्या लेकीची वाशिमला नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा होती. आदल्या दिवशी लग्नासाठी सगळे किन्हीराजाला, काकूंच्या माहेरी. सकाळी फाट्यावर येईपर्यंत एसटी सुटली. मागची गाडी धरली तर परीक्षा हुकणार. जीपवाला सीट भरल्याशिवाय हलेना. बाप-लेक एसटीच्या मागे पळाले. पळता पळता पोरीच्या चपलेचा अंगठा तुटला. तिनं चप्पल हातात घेतली आणि तशीच पळाली. आणि थांबा नसताना, चांगला वेग घेतलेली गाडी ड्रायव्हरनं पुढे जाऊन उभी केली. पोरगी चढली. ड्रायव्हर तिला म्हणाला, “बस बाई. चपलीशिवाय बी परीक्षा होते.” गाडी गेली.

“मी रोडच्या मधात उभा. हात जोडले. पन कोनाले? गाडीच्या पाठीले! मानूस तं समोर तोंड करून बसला होता. त्याले काय दिसते?” काका म्हणाले. “पोरगी पास झाली. नर्स झाली. आता किती लोकायले सुई टोचते, किती बाळंतिणी सोडवते. अन् त्या मानसाले पत्ताच नाही, की थ्या दिवशी आपन ब्रेक दाबला त्याचं काय झालं. हे बराबर आहे काय?”

पेढे घेऊन ते कितीदा फाट्यावर उभे राहिले. ड्रायव्हर बदलले, वेळापत्रक बदललं. मग त्यांनी दिसेल त्या ड्रायव्हरला विचारायला सुरुवात केली, “किन्हीराजाच्या फाट्यावर पोरीसाठी गाडी उभी केली, ते तुमीच काय?” एक-दोघं म्हणालेही, “हो मीच, सांगा चहा.” काका चहा सांगत आणि विचारत, “पोरीच्या हातात काय होतं?”

“पिशवी.”

“नाई जी. पन चहा घ्या.”

त्या दिवाळीला लेक सुट्टीवर आली. मी फराळाला गेले होते. काका पुन्हा तोच विषय घेऊन बसले, “चेहरा तं मले दिसलाच नाही. कसा शोधाव?”

लेक चकली मोडत सहज म्हणाली, “समोरच्या काचेजवळ लहान पोरीचं एक पैंजण बांधलं होतं ना त्यांनी. गाडी हलली की वाजायचं.”

काकांचा हात डब्यातच राहिला. “आधी काहून नाई सांगितलं व?”

“तुमी कधी इचारलं?”

काकू अशा हसल्या की त्यांना ठसका लागला. “सारा जिल्हा इचारून झाला, घरात बसली तिले नाही इचारलं!”

पुढचं माझ्या काउंटरवर झालं. बिल भरायला आलेल्या एका एसटी कंडक्टरला मी पैंजणाचं विचारलं. तो म्हणाला, “ते तं कामरगावचे. आता रिटायर झाले. गाडी कोनतीबी भेटो, पहिले पैंजण बांधायचे.”

रविवारी मी काकांना स्कूटीवर मागे बसवून कामरगावला घेऊन गेले. धुतलेला सदरा, खिशात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला लेकीचा नर्सच्या ड्रेसमधला फोटो, मांडीवर पेढ्यांचा डबा. प्रत्येक गतिरोधकाला “सांभाळून माय,” म्हणत होते, माझ्यासाठी की पेढ्यांसाठी, कोण जाणे. कारंजा मागे पडलं तेव्हा हळूच म्हणाले, “मानूस असंन ना व? उशीर तं नसंन झाला?”

माणूस होता. अंगणात कडुनिंबाखाली खाटेवर बसला होता. ड्रायव्हरसाहेबांची बायको दारातच आम्हाला म्हणाली, “बसा. पन ते जास्त बोलत नाहीत. रिटायर झाले तवापासून हॉर्न बंद आहे.”

काका समोर उभे राहिले. “काही काम नाही जी. सांगाले आलो.”

आणि सगळं सांगितलं. फाटा, चप्पल, पैंजण, परीक्षा. फोटो काढून हातात दिला. ड्रायव्हरसाहेबांनी फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. मग मान हलवली.

“पैंजण माह्या पोरीचं, ते खरं. दुसरं हरपलं होतं म्हणून हे मी ठेवलं. पन तुमची पोरगी मले नाही आठवत. गाडी तं मी कितीकायसाठी उभी केली.”

एवढी वर्षं शोधलं, आणि माणूस म्हणतो आठवत नाही. मी काकांकडे पाहिलं, तर काका हसत होते.

“तुमाले नाही आठवत म्हणून तं आलो! तुमाले आठवलं असतं तं मी कायले येतो?”

ड्रायव्हरसाहेबांनी फोटो परत एकदा पाहिला. मग त्यांनी बायकोला हाक मारली, आणि ती हाक शेजारच्या घरातही गेली असणार. “आवं ऐकते काय? याइची पोरगी नर्स झाली! माह्या गाडीनं गेलती परीक्षेले!”

“हॉर्न सुरू झाला,” बायको मला म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. “सारी उमर गाडी चालवली यायनं. घरापर्यंत येऊन कोनी काही सांगितलं तं एवढंच, की गाडी लेट आली.”

शेजारी आले. फोटो सगळ्यांच्या हातातून फिरला. ‘आमची नर्स’ असं ते म्हणायला लागले तेव्हा मी काकांना उठवलं, नाहीतर फोटो तिथेच राहिला असता.

परतीच्या वाटेवर काका गतिरोधकालाही काही बोलले नाहीत. मी विचारलं, “कसं वाटतंय?”

“हलकं,” म्हणाले. आणि थोड्या वेळानं, “एकच राह्यलं व माय. हात जोडले होते, ते सांगाचं राह्यलं.”

“मग फिरवू का स्कूटी?”

“नाई. ते सांगाची गोष्ट नोहे. ते त्याच वेळेस दिसलं असतं तं दिसलं असतं.”

गेल्या हिवाळ्यात काका गेले. दुकानातच, पोत्यावर बसल्या बसल्या. दहाव्याला ही गर्दी. वायरमन होता, डॉक्टर दवाखाना बंद करून आले होते, लिंबाचं रोप देणारी शेजारीण होती. लोक एकमेकांना विचारत होते, “तुमाले काय सांगाले आलते?” आणि प्रत्येकाजवळ सांगायला काहीतरी होतं. दहाव्याला एवढं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. काकूही हसल्या. नंतर आत जाऊन रडल्या.

त्यानंतर महिनाभरानं, दुपारी, काउंटरच्या जाळीपलीकडे एक चेहरा आला. कामरगावचे ड्रायव्हरसाहेब. दुकान बंद दिसलं म्हणून विचारत विचारत माझ्यापर्यंत आले होते.

“काही काम नाही बाई. त्यायले सांगाले आलतो. मले आठवलं.”

मी खुर्ची सोडून बाहेर आले आणि काका गेल्याचं त्यांना सांगितलं. ते भिंतीला टेकून उभे राहिले. “आता कोनाले सांगू?” म्हणाले.

मी त्यांना काकूंकडे घेऊन गेले. काकू शेडमध्ये सुपात तुरी निवडत बसल्या होत्या. वर तारेवर अजून एक-दोन पंप टांगलेले होते. ड्रायव्हरसाहेब पोत्याच्या बाजूला बसले, पोत्यावर नाही.

“पोरगी मले अजून बी नाही आठवत,” ते म्हणाले. “परवा नातवाच्या गाडीचा आरसा पुसत होतो, अन् एकदम समोर आलं. गाडी फाट्यावरून काढली अन् आरशात पाह्यलं, तं एक मानूस रोडच्या मधात उभा. हात जोडून. मी गेअर टाकला, पाह्यलं, तरी उभाच. वळन आलं तवा दिसाचा बंद झाला. थ्या दिवशी मी कंडक्टरले म्हटलं बी होतं, आज पाठीमागून कोनी तरी नमस्कार केला रे बाप्पा.”

काकूंचे हात सुपात थांबले.

“पाह्यलं होतं तुमी?”

“पाह्यलं ना. वळन येऊस्तोर.”

काकूंनी सूप खाली ठेवलं. मग मान वर करून, तारेवरच्या पंपांकडे पाहत, रोजच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, “ऐकलं काय हो? सारा जिल्हा पालथा घातला तुमी, या पोरीच्या स्कूटीचं पेट्रोल जाळलं, अन् तिकडे पहिल्याच दिवशी पोचलं होतं!”

आणि हसत हसत चहा ठेवायला आत गेल्या.

मी अजूनही कुणापुढे हात जोडत नाही. बाबांचा शब्द आहे. पण त्या दिवशी ऑफिसात परत न जाता मी सरळ आमच्या वावरात गेले. बाबा धुऱ्याच्या बांधावर बसले होते. भर दुपारी मला पाहून दचकले.

“काहून व? काय झालं?”

“काही नाही,” मी म्हटलं आणि त्यांच्या शेजारी बसले. “काही काम नाही बाबा. तुमी शिकवलं, ते लागू पडलं. सांगाले आली.”